वर्तुळातले तीन ठिपके

नसीम आपा गेल्याचं मला त्यांच्या धाकट्या मुलाच्या, इम्रानच्या फोनवरून कळलं. सकाळी साडेदहाची वेळ, मेडिकलमध्ये ऐन गर्दी, आणि काउंटरपलीकडे एक गृहस्थ ‘मागच्या वेळची ती पिवळी गोळी’ मागत उभे होते. इम्रान म्हणाला, “मावशी, अम्मी गेल्या. चहा पिऊन बसल्या होत्या, बसल्या बसल्याच...” मी त्या गृहस्थांना गोळी दिली की नाही, मला आठवत नाही. कपाटामागं एक स्टूल आहे, त्यावर जाऊन बसले. आपलं माणूस गेल्यावर आधी रडू येतं, अशी आपली समजूत असते. मला आलं नाही. खरं सांगते, आधी सुटल्यासारखं वाटलं. आणि का सुटल्यासारखं वाटलं, ते ध्यानात आलं त्याला आज सहा आठवडे झाले. एक गोष्ट मी आपांना सांगायला हवी होती. सोळा-सतरा वर्षं ती माझ्या जिभेवर होती, आणि मी ती गिळत राहिले. आता ऐकायला त्या नाहीत, म्हणून इथं लिहिते आहे. मी मुळातच भित्री बाई आहे. हे लिहितानाही दोनदा उठून पाणी प्यायले.

आमची ओळख फुलंब्रीच्या एसटीतली. मी डिप्लोमा करून शहरातल्या एका मेडिकलवर नोकरीला लागले, तेव्हा गाडीच्या पाटीवर औरंगाबाद असायचं. सकाळच्या त्या गाडीला रोज तीच माणसं आणि तीच भांडणं. आपा माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. मिस्टरांचं गावात सायकलचं दुकान होतं, घरी दोन मुलं, आणि या बाई डोक्यावर पदर घेऊन, हातात डबा आणि वायरची पिशवी घेऊन शहरातल्या एका जुन्या ट्रस्टच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन म्हणून जायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला खिडकीची जागा दिली आणि विचारलं, “मेडिकलवर हाईस ना? मग आपण दोघी एकाच धंद्यातल्या. तू गोळ्या विकती, मी त्या गोळ्या चालतात का नाय ते बघती.” मला त्या वेळी हा मोठेपणा वाटला होता. पुढं कळलं की बाईंनी निव्वळ वस्तुस्थिती सांगितली होती.

त्यांचं काम असं. रोग्याची लघवी, थुंकी, जखमेतला पू, जे काही येईल ते जंतूंचं खाद्य म्हणून खळीसारखी घट्ट केलेली खीर भरलेल्या काचेच्या ताटलीवर पसरायचं. ताटली उबेला ठेवायची. दुसऱ्या दिवशी तिच्यावर जंतू उगवतात. मग त्या जंतूंचा पातळ थर नव्या ताटलीवर सारवायचा आणि त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या छोट्या छोट्या टिकल्या ठेवायच्या, एकेक टिकली एकेका औषधाची. रात्रभरात जंतू सगळीकडे उगवतात, पण जे औषध चालतं त्याच्या टिकलीभोवती काही उगवत नाही. तिथं स्वच्छ वर्तुळ राहतं. आपा ते वर्तुळ पट्टीनं मोजायच्या. मोठं वर्तुळ म्हणजे औषध चालेल, लहान असलं तर भरवसा नाही, आणि जंतू थेट टिकलीला जाऊन भिडले तर त्या औषधाचं नाव काढू नका. त्यांनी मला एकदा लॅबमध्ये नेऊन हे दाखवलं, तेव्हा मला त्या ताटलीचा वास सहन झाला नाही. त्या हसल्या. ताटल्यांना रविवार कळत नाही म्हणून त्या सुट्टीच्या दिवशीही यायच्या. घरचे कुरकुरायचे, यांचं उत्तर ठरलेलं, तव्यावरची भाकरी सुट्टी बघून थांबते काय?

मला गोळ्यांची नावं, डोस, कंपन्या सगळं पाठ होतं. पण गोळी आत जाऊन नेमकं करते काय, हे मला आपांनी सांगितलं, तेही हर्सूलच्या अलीकडे गाडी पंक्चर होऊन उभी असताना. जंतूला स्वतःभोवती भिंत असते, आपल्या पेशीला नसते. जंतू वाढतो तशी त्याला भिंत वाढवावी लागते. काही औषधं त्या गवंड्याचेच हात धरतात. भिंत अर्धी राहते आणि जंतू फुटतो. आपल्याला भिंतच नाही, म्हणून आपलं काही बिघडत नाही. दुसरी काही औषधं जंतूच्या आतल्या कारखान्यात जाऊन अडकतात, तिथं त्याचं प्रथिन तयार होणं थांबतं. आपलाही कारखाना असतो, पण त्याची घडण वेगळी, म्हणून औषधाला तो सापडत नाही. “सगळा खेळ त्येच्यात आन् आपल्यात फरक काय, ह्याच्यावर चालतो,” त्या म्हणाल्या. “फरक सापडला की औषध सापडतं.”

मग मी विचारलं, असं असताना चांगली चाललेली गोळी चार वर्षांनी चालेनाशी का होते? जंतू शिकतात का? आपांनी मला माझ्याच घरातलं उदाहरण दिलं. आमच्या कपाशीवर आमचे ‘हे’ दरवर्षी एकच फवारा मारत आणि दरवर्षी अळीला शिव्या घालत, की ही मेली पूर्वी मरायची, आता मरत नाही. आपा म्हणाल्या, अळी शिकत नाही. हजारात दोन-चार आधीच निबर असतात, फवारा बाकीच्यांना मारतो आणि त्या दोघी-चौघींना सगळं रान मोकळं करून देतो. पुढच्या वर्षीची सगळी पिलावळ त्यांचीच. जंतूंचंही तेच. कोणी औषध कापून टाकणारी कात्री आतच तयार करतो, कोणी औषध आत आलं की बाहेर फेकतो, कोणी औषध जिथं चिकटतं ती जागाच बदलून टाकतो. आणि आपल्या अळीला जमत नाही ते जंतूला जमतं, तो ही विद्या शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊन टाकतो. हे ऐकताना मी खिडकीबाहेर बघायला लागले. कारण मी दिवसभर काउंटरवर काय करत होते? गोळ्यांचा पत्ता, म्हणजे स्ट्रिप, कापून दोन गोळ्या याला, तीन गोळ्या त्याला. सर्दीला पण तीच, जुलाबाला पण तीच. लोक मागतात, मालक म्हणतो दे. आपांनी त्यावर मला बरंच झापलं. थोडं औषध, चुकीचं औषध आणि परत परत, याच्याहून वाईट काही नाही, असं त्यांचं म्हणणं. मी मान डोलावली आणि दुकानात जाऊन पुन्हा पत्ते कापले. कळतं पण वळत नाही म्हणतात, ती बाई मीच.

आता मूळ गोष्टीकडे येते. इथवर लांबण लावली, कारण इथं यायचीच भीती वाटत होती.

माझी मुलगी मनीषा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना. सासर वैजापूरचं, व्याह्यांचा कांद्याचा व्यापार, आणि विहीणबाईंच्या बोलण्याला धार. पोहोचवायला आल्या तेव्हा दारातच बजावून गेल्या, “आमची अमानत हाय, जपून ऱ्हावा.” मनीषाला आल्यावर पंधरा दिवसांत लघवीला जळजळ सुरू झाली, थोडी कणकण आली. डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे वैजापूरला कळणार, आणि कळलं की ‘माहेरी नेऊन आजारी पाडली’ हे ऐकावं लागणार. मी मेडिकलवाली. गरोदरपणात चालणारं औषध मला माहीत होतं. दुकानातून चार गोळ्या आणल्या, पोरीला म्हटलं जळजळीची आहे, घे. दोन दिवसांत बरं वाटलं, मी थांबवलं. आठवड्यानं पुन्हा जळजळ. पुन्हा तीन गोळ्या. पुन्हा बरं. तिसऱ्या वेळी मात्र, शेवटची गोळी घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी, तिला दुपारी अशी हुडहुडी भरली की दोन गोधड्या घालून खाट हलत होती. कंबरेत कळा. मग आपांच्याच दवाखान्यात भरती केलं, कारण त्या तिथं आहेत याचा मला आधार वाटत होता.

संध्याकाळपर्यंत वैजापूरची मंडळी आली. जावई, व्याही, विहीणबाई, सगळे खाटेभोवती. सिस्टर लघवीच्या तपासणीचा फॉर्म भरत होती. तिनं विचारलं, आधी काही अँटिबायोटिक घेतलं होतं का? मनीषा तापात होती. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “नाही. फक्त धन्याचं पाणी दिलं.” सिस्टरनं ‘नाही’वर खूण केली आणि पान उलटलं. एवढंच झालं. एका शब्दाचं काम... धन्याचं पाणी मात्र मी खरंच दिलं होतं, आणि पुढं कित्येक वर्षं मी स्वतःशी त्या धन्याच्या पाण्याचाच आधार घेत आले.

तिसऱ्या दिवशी आपांच्या हातचा रिपोर्ट आला. एका औषधाचं वर्तुळ चांगलं मोठं होतं, डॉक्टरांनी ते सुरू केलं. दीड दिवस ताप उतरला. विहीणबाईंनी मला पहिल्यांदाच चहा विचारला. आणि मग ताप परत चढला, आधीपेक्षा जास्त. पोट कडक व्हायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाचे ठोके फार जलद आहेत, कळा थांबल्या नाहीत तर आत्ताच सुटका होईल, आणि या वजनाचं बाळ... त्यांनी वाक्य पुरं केलं नाही, मीही करायला लावलं नाही. बाहेरच्या बाकावर बसून मी मनातल्या मनात गोळ्या मोजत होते. चार आणि तीन, सात. सात गोळ्यांनी काय होतं? सात गोळ्यांनी कोण मेलं आणि कोण उरलं? आपांनी मला ते हर्सूलच्या अलीकडेच सांगितलं होतं. उठून आत जावं आणि डॉक्टरीणबाईंना खरं सांगावं, असं दहा वेळा वाटलं. दहाही वेळा समोर जावई दिसले आणि मी बसून राहिले. नातवाचा जीव टांगणीला लागला होता आणि मी व्याही काय म्हणतील ते तोलत होते. याहून वाईट मला माझ्याबद्दल काही लिहिता येणार नाही.

आपांनी त्या दिवशी काय केलं ते मला नंतर कळलं. ताप परतल्याचं समजताच त्यांनी जुनी ताटली पुन्हा काढली. त्या मोठ्या स्वच्छ वर्तुळात तीन बारीक ठिपके होते, राईच्या दाण्याहून लहान. त्या ठिपक्यांतला जंतू त्यांनी वेगळा उचलला, वेगळ्या ताटलीवर लावला, त्याच औषधाची टिकली ठेवली, शेजारी दुसऱ्या औषधांच्याही. दुसऱ्या सकाळी त्या औषधाभोवती वर्तुळ नव्हतंच. जंतू टिकलीला खेटून उगवले होते. आपा ती ताटली हातात घेऊन जिना चढून धापा टाकत डॉक्टरीणबाईंकडे गेल्या, त्याच ताटलीवर कोणतं औषध चालतं तेही बघून ठेवलेलं होतं. ते सलाईनमधून सुरू झालं. तिसऱ्या दिवशी ताप हटला, कळा थांबल्या. बाळ महिनाभर आधी झालं, बारा दिवस काचेच्या पेटीत राहिलं, आणि आज तो मुलगा माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, मला ‘आजी, तू लई घाबरती’ म्हणून चिडवतो.

ताप हटला त्या दुपारी आपा वॉर्डाबाहेरच्या बाकाशी आल्या. माझ्या शेजारी विहीणबाई बसलेल्या. आपा बसल्या नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या, “सुनंदा, पहिल्या ताटलीवर ते तीन ठिपके मला दिसले होते. मी कचरा समजून सोडून दिले. तुझी लेक म्हणून रिपोर्ट लवकर द्यायची घाई केली. चूक माझी हाय. डॉक्टरांना लिहून दिलंय, तुला तोंडानं सांगती.”

झाकण उघडताना हवेतला एखादा भलताच जंतू ताटलीवर पडतो, त्याला टेक्निशियन कचरा म्हणतात. पहिल्यांदाच आजारी पडलेली बाई, आधी कसलंही औषध घेतलेलं नाही, अशा रोग्याच्या ताटलीवर तीन ठिपके दिसले तर बहुतेक कोणीही कचराच म्हणेल. फॉर्मवर ‘होय’ असतं, तर ते तीन ठिपके सात गोळ्यांतून वाचलेले तीन निबर आहेत हे आपांनी लांबून ओळखलं असतं. त्यांना चूक करायला मी लावली होती. आणि त्या माझ्यासमोर उभ्या राहून माफी मागत होत्या. माझं तोंड उघडलं... आणि विहीणबाई कडाडल्या. त्यांनी सगळा वॉर्ड गोळा केला. व्याह्यांनी ट्रस्टकडे अर्ज दिला. आपांना ताटल्या वाचायच्या कामावरून काढलं आणि नमुने घ्यायच्या खिडकीवर बसवलं. इतकी वर्षं ज्या बाईंनी सगळ्या दवाखान्याला औषध कोणतं ते सांगितलं, त्या वर्षभराहून जास्त काळ डब्यांवर नावं चिकटवत होत्या, मग कुठं ताटल्या परत मिळाल्या. मी तेव्हाही गप्प होते. (हे लिहायच्या आधी मनीषाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, लिही. जावई वाचतील. वाचू द्या.)

मला वाटलं होतं, आपा आता माझ्याशी बोलायच्या नाहीत. दुसऱ्या सोमवारी गाडीत चढले तर खिडकीची जागा पिशवी ठेवून धरलेली. त्याचीच मला जास्त भीती वाटली. रोज पाऊण तास त्यांच्या शेजारी बसायचं आणि चेहरा वाचत राहायचं, यांना कळलंय का? कसं कळणार? कळलं असतं तर बोलल्या नसत्या का? त्या आपल्या डाळिंबं कशी दिली, इम्रानला गणित येत नाही, असलंच बोलायच्या. खिडकीवरच्या कामाबद्दल एकदाच म्हणाल्या, तिथं बसून माणसं जास्त कळतात. दुकानात मी पत्ते कापणं बंद केलं. मालकाशी भांडण झालं, गिऱ्हाइकं तुटली, पण केलं. लोकांना वाटायचं सुनंदाबाईंना अक्कल आली. अक्कल नव्हे ती, धास्ती होती. लहान पोराला कणकण आलेली बघितली की मनात यायचं, याच्या आत आता कोण उरलं असेल.

शेवटची भेट त्या जायच्या आधी महिनाभराची. त्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, गुडघे दुखायचे, अंगणात खाटेवर बसून मेथी निवडत होत्या. त्या दिवशी मी ठरवून गेले होते. वाटेत वाक्यंही जुळवली होती. बसल्याबरोबर म्हटलं, “आपा, मनीषाच्या वेळचं तुम्हाला एक...” त्यांनी मेथीची काडी मोडली आणि म्हणाल्या, “नातू कितवीला गेला गं?” मी सांगितलं. मग त्यांनी त्याचे दात, त्याचा अभ्यास, त्याची उंची, सगळं विचारलं. चहा आला. मी उठले तेव्हा माझं वाक्य तसंच राहिलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, विषय निघाला नाही म्हणून मला हायसंच वाटलं होतं.

मागच्या आठवड्यात मला स्वतःला लघवीला जळजळ आणि बारीक ताप सुरू झाला. वयाच्या बासष्टाव्या वर्षी, इतकं सगळं होऊन गेल्यावर, मी काय केलं असेल? काउंटरवरून चार गोळ्या घेतल्या. भीतीपोटी घेतल्या. पहिल्या दिवशी वाटलं, डॉक्टरकडे जायला दुपारची वेळ आहे. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता उतरेलच. उतरला नाही. डॉक्टरांनी लघवीची तपासणी लिहून दिली आणि मी त्याच दवाखान्याच्या त्याच खिडकीवर जाऊन उभी राहिले. आत पस्तिशीची एक टेक्निशियन होती, वैशाली नावाची. तिनं फॉर्म पुढं सरकवला. आधी अँटिबायोटिक घेतलं होतं का, या ओळीपाशी माझा हात क्षणभरही थांबला नाही. सवयीनं ‘नाही’वर खूण केली. तीस वर्षं मेडिकलवर काढलेल्या बाईनं ‘होय’ लिहायचं कसं?

फॉर्म आणि डबा घेताना वैशाली म्हणाली, “मावशी, राग मानू नका, पण ‘नाही’ लिहिलं तरी आमी एक थेंब टाकून बघतोच. सगळ्यांचंच बघतो.”

कसला थेंब, मी विचारलं. तिनं सांगितलं की कुठल्याही औषधानं मरतो असा साधा जंतू ताटलीवर सारवून ठेवायचा, त्यावर रोग्याच्या लघवीचा थेंब टाकलेली कागदाची टिकली ठेवायची. लघवीत औषध उतरलेलं असलं तर टिकलीभोवती वर्तुळ पडतं. माणूस नाही म्हणालं तरी वर्तुळ पडतं. हे इथं कोणी सुरू केलं, असं मी विचारलं खरं, पण उत्तर मला आधीच ऐकू यायला लागलं होतं.

“नसीम आपांनी. मी त्यांच्याच हाताखाली शिकले. त्या सांगायच्या, एका गरोदर पोरीचा नमुना फ्रिजमधे उरला होता, ताप परत चढला तेव्हा त्यांनी त्याच्यावर पहिल्यांदा हे करून बघितलं. वर्तुळ पडलं. फॉर्मवर तर ‘नाही’ होतं. पोरीच्या आईनं खोटं सांगितलेलं. त्याच केसमधे आपांना शिक्षा झाली, खिडकीवर बसवलं त्यांना. मी म्हटलं होतं, आपा, तुमी ती ताटली दाखवायची की सगळ्यांना.”

“मग?” मी म्हटलं.

“म्हणाल्या, फॉर्म भरणाऱ्याच्या मागं कोण उभं हाय, ते फॉर्मवर नसतं. त्या बाईच्या मागं व्याही उभे होते. ताटली दाखवली असती तर तिच्या लेकीला जल्मभर सासरी ऐकावं लागलं असतं. ठिपके मला दिसले होते, तेवढं माझं होतं, ते मी सांगितलं. तिचं तिला सांगू दे, कवा जमल तवा.”

म्हणजे त्या बाकाशी येऊन उभ्या राहिल्या, तेव्हाच आपांना सगळं माहीत होतं. एसटीत माझ्यासाठी जागा धरली तेव्हा माहीत होतं. मेथी निवडताना माझं वाक्य मधेच तोडलं, तेव्हा त्यांनी मला कबुलीपासून वाचवलं होतं की त्यांना ती ऐकायची गरजच उरली नव्हती, हे मला आता कधीच कळणार नाही. इतकी वर्षं मी त्यांचा चेहरा वाचत होते, आणि त्यांनी माझा पहिल्याच दिवशी वाचून ठेवला होता.

वैशाली डब्यावर माझं नाव चिकटवत होती. मी म्हटलं, “तो फॉर्म परत दे जरा. चुकलंय.” तिनं दिला. मी ‘नाही’वर काट मारली, ‘होय’वर खूण केली. गोळीचं नाव लिहिलं, चार घेतल्या तेही लिहिलं. फॉर्म तिच्याकडे सरकवला आणि म्हटलं, “आणि आपांनी सांगितलेल्या त्या पोरीच्या फॉर्मवरपण ‘होय’ पाहिजे होतं. सात गोळ्या. मी दिल्या होत्या.”

ती फॉर्मकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. आत गेली आणि खिडकीमागची लाकडी खुर्ची उचलून बाहेर घेऊन आली. बसायची जागा दबून गुळगुळीत झालेली, पाठीला जुन्या साडीची उशी बांधलेली. बसा मावशी, तुम्हाला ताप आहे, ती म्हणाली, ही आपांची, त्या वर्षभर यावरच बसायच्या, तेव्हापासून कोणी हलवलेली नाही. मी बसले.